नन्नाचा पाढा

सोमवार, ५ ऑक्टोबर

पोचले एकदाची. दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि ही नवी वही. खोकं जिन्याच्या वळणावर अडकलं तेव्हा खालून काका ओरडले, की मास्तरीणबाई, पुस्तकं वर जायला तयार नसतील तर तुम्हीच खाली येऊन राहा. पाय ठेवल्या ठेवल्या थट्टा करणारं घर मिळालं. आणखी काय पाहिजे?

खोली लहान आहे, पण खिडकी मोठी. खाली रस्त्याच्या बाजूला इस्त्रीचं दुकान, त्यामागे स्वयंपाकघर आणि या दोघांची खोली. वर मी. खोलीच्या बदल्यात मावशींना रोज तासभर इंग्रजी शिकवायचं, असं ठरलं आहे. दुकान दीड ते साडेतीन बंद असतं, त्या वेळात शिकवणी. उरलेल्या दिवसात मी गावात आणखी शिकवण्या शोधेन.

मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या, खांदे पैलवानासारखे, आवाज मात्र अगदी हळू. काका बस चालवायचे. गुडघे गेल्यापासून दारातल्या खुर्चीत बसतात आणि 'आता बसल्या जागेवरून रस्ता चालवतो' म्हणतात. दोघांना मूलबाळ नाही. काका एकावर एक विनोद सांगतात आणि स्वतः मात्र हसत नाहीत. विनोद सांगावा तर असा, कोऱ्या चेहऱ्यानं.

आईचा फोन आला होता. मुख्याध्यापकांना तोंडावर नाही म्हणून मी नोकरी घालवली, हे तिला अजून पचलेलं नाही. निदान नव्या घरात तरी जिभेला आवर घाल, म्हणाली. बघू म्हटलं.

बुधवार, ७ ऑक्टोबर

पहिला धडा झाला. मावशींना इंग्रजीचे दोनच शब्द येतात: 'येस सर' आणि 'थँक्यू सर'. शेजारची मोठी इमारत म्हणजे पूर्वीचं हॉटेल. परदेशी इंजिनिअर येऊन महिनोनमहिने राहायचे. दुकानाच्या हॉटेलकडच्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक लाकडी झडप आहे. ती वर सरकवून पलीकडून कपडे यायचे आणि इस्त्री होऊन तिथूनच परत जायचे. पलीकडचा माणूस इंग्रजीत काही सांगायचा आणि मावशी येस सर म्हणायच्या. वीस वर्षं नुसतं होला हो लावलं बाई, म्हणाल्या.

त्यांना वही-पेन घेऊन बसता येत नाही. हात रिकामे असले की डोकं चालत नाही म्हणतात. म्हणून त्या इस्त्री करतात आणि मी टेबलाच्या कडेला बसून शिकवते. आधी कॉलर, मग खांदा, मग बाही, शेवटी पाठ. शर्टाच्या याच क्रमानं आम्ही 'आय ॲम, यू आर, ही इज' केलं. कान असा तल्लख, की माझं एक वाक्य त्यांनी माझ्याच नाकातल्या सुरासकट परत म्हणून दाखवलं.

मध्येच जळका वास आला. उशीचा अभ्रा करपत होता आणि मावशी शांतपणे त्यावर इस्त्री धरून उभ्या होत्या. मी धावले. नाक गेलंय माझं, त्या ओशाळून म्हणाल्या. तीन वर्षं झाली. सर्दी नाही, पडसं नाही, एका दुपारी पट्‌कन गेलं. इस्त्रीवालीचं नाक जावं, म्हणजे गवयाचा कान गेल्यासारखंच.

दांडीवर कपड्यांच्या शेवटी एक लहान मुलीचा फ्रॉक लटकतोय, पिवळा. चिठ्ठी नाही. कुणीतरी टाकून गेलं ते न्यायलाच आलं नाही. माणूस कधीही येईल, तेव्हा कपडा चुरगळलेला नको, म्हणून मावशी दर शनिवारी त्याला परत इस्त्री करतात. किती वर्षं, विचारलं. नऊ असतील, म्हणाल्या.

पावणेतीनला त्यांनी मला वर पिटाळलं. झोपा जरा, म्हणाल्या.

सोमवार, १२ ऑक्टोबर

आज पोट धरून हसले. मावशींनी विचारलं, 'मेयाव' म्हणजे काय? मी म्हटलं, ते मांजर म्हणतं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, मलाही तसंच वाटायचं, साहेबांनी मांजर पाळलंय असं. पण प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला कसं येईल मांजर? मग त्यांनी म्हणून दाखवलं: 'मेयाव द बर्ड, प्लीज?' आवाज त्यांचा, पण उच्चार असा स्वच्छ की मी चमकले. जुन्या रेडिओवरच्या बातम्यांसारखा.

मे आय हॅव. मी घेऊ का. 'पक्षी घेऊ का, प्लीज?'

मावशींच्या हातातली इस्त्री थांबली. दुकानात एक पिंजरा आहे, रिकामा, पण धुऊन पुसून ठेवलेला. आमचा पोपट, त्या म्हणाल्या, दार बंद होतं पिंजऱ्याचं.

हे कोण म्हणालं, विचारलं. साहेब, म्हणाल्या, आणि विषय बदलला.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

सकाळी काकांना सहज विचारलं, हॉटेल बंद होऊन किती वर्षं झाली? अकरा, म्हणाले. मग मावशींचे साहेब कोण? काकांनी पहिल्यांदाच विनोद केला नाही. म्हणाले, ती तीनला दुकानात एकटी असते, मला आत येऊ देत नाही. बाईमाणसाला आपला म्हणून एक तास हवा, म्हणून मी विचारलं नाही.

पावणेतीनला मी वर गेले, चपला काढल्या आणि अर्ध्या जिन्यावर येऊन बसले. तिथून झडपेची भिंत दिसते.

तीनला झडप वीतभर वर झाली. कुणी उचलली ते दिसलं नाही. घडी केलेला पांढरा शर्ट पुढे आला, जणू कुणी बोटानं सारला. मग आवाज. अतिशय सभ्य, थोडा थकलेला. आज थंडी आहे, असं काहीसं म्हणाला. मावशी मान खाली घालून येस सर म्हणाल्या. झडप पडली. उन्हाची वेळ, रस्त्यावर भाजीवाला ओरडतोय.

तो शर्ट मी नंतर हातात घेतला. फ्रिजमधून काढल्यासारखा गार. कॉलरला मळ नाही, बगलेला घाम नाही. कुणी कधी घातलेलाच नाही तो.

शनिवार, १७ ऑक्टोबर

हॉटेलात जाऊन आले. मागचं दार नुसतं ढकललं की उघडतं, कुलूप गंजून गळालंय. दुकानाला लागून असलेली खोली शोधायला वेळ लागला नाही. जिथे झडप उघडायला हवी तिथे भिंत आहे. गिलावा केलेली, सलग. हात फिरवून पाहिला, नाण्यानं ठोकून पाहिलं. भरीव.

मावशींना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, मला वाटलंच होतं. वाटलं होतं तर बोलत का होतात, मी जरा आवाज चढवूनच विचारलं. म्हणाल्या, बाई, मोठ्या माणसानं गोड बोलून काही विचारलं तर नाही कसं म्हणायचं? मला ते कधी जमलंच नाही. म्हणून तर इंग्रजी शिकायचंय. आपण कशाकशाला हो म्हटलं, ते तरी कळेल.

सोमवार, १९ ऑक्टोबर

आज धडा घेतला नाही. मावशींनी आठवतील ती सगळी वाक्यं म्हटली. काम करताना त्या ती गाण्यासारखी गुणगुणायच्या, म्हणून विसरल्या नाहीत. मी एकेक उतरवून घेत गेले आणि अर्थ सांगत गेले.

पक्षी घेऊ का? येस सर. तुझं वास घेणं घेऊ का? येस सर. त्याचे गुडघे घेऊ का? येस सर. त्याचं हसू घेऊ का? येस सर.

काका कोऱ्या चेहऱ्यानं विनोद का सांगतात, ते आज कळलं.

शेवटी दोन वाक्यं उरली. नऊ वर्षांपूर्वीची, लागोपाठच्या दोन दिवसांची. पहिलं: 'मे आय हॅव द लिटल वन?' दुसरं: 'अँड युवर मेमरी ऑफ हर?'

मी म्हटलं, ही मला नीट कळली नाहीत. उद्या सांगते.

खोटं बोलले. वर आले नि जिन्याच्या वरच्या चौकटीकडे लक्ष गेलं. पेन्सिलीच्या आडव्या रेघा. गुडघ्यापासून सुरू होऊन वर वर चढत गेलेल्या, प्रत्येकीशेजारी तारीख. माझ्या कमरेच्या थोड्या वर शेवटची. तिच्यावर काही नाही.

मंगळवार, २० ऑक्टोबर

सांगितलं. रात्रभर स्वतःशी भांडले. न सांगणं म्हणजे मीही त्यांच्याकडून काहीतरी न विचारता घेण्यासारखंच होतं. काकांना धरून जिना चढवला, दोघांना वर समोर बसवलं, चौकट दाखवली. लहान मुलीला घेऊ का, असं त्यानं विचारलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी, तिची आठवणही घेऊ का.

काका म्हणाले, आम्हाला मूल नाही, मास्तरीणबाई. तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा, बोट शेवटच्या रेघेवर ठेवून.

मावशींनी खालून टेप आणि दांडीवरचा पिवळा फ्रॉक आणला, शेवटची रेघ मोजली. मग फ्रॉक खांद्यापासून मोजला. रेघेपाशी धरला. मुलगी तिथे उभी असती, तर तो तिला गुडघ्याखाली बरोबर चार बोटं आला असता. फ्रॉक छातीशी धरून त्या रडायचा प्रयत्न करत होत्या, पण कुणासाठी रडायचं तेच आठवत नव्हतं. इतकं भयंकर मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली. आठवण नेली, पण पेन्सिलीच्या रेघा त्याला नेता आल्या नाहीत. लिहिलेलं राहतं. म्हणून यापुढे सगळं लिहीन.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

आज मावशी तीननंतर वर आल्या. आपण होऊन पहिल्यांदाच जिना चढल्या. म्हणाल्या, आज मला सगळं कळलं बाई, एकही शब्द विचारावा लागला नाही. तो म्हणाला, मे आय हॅव द टीचर?

तोंडातून येस येऊ नये म्हणून त्यांनी पदर तोंडात कोंबला म्हणे. तो म्हणाला, शनिवारी पुन्हा विचारेन.

मावशी म्हणतात, आजच्या आज बॅगा भरा. काकांनी स्टँडवर ओळखीच्या ड्रायव्हरला फोनही लावला. आईलाही कळवलं त्यांनी, तीही रडतेय.

मी जाणार नाही. मी गेले तर तो दुसरं काही मागेल, आणि इथे मागण्यासारखी आता दोनच माणसं उरली आहेत. शिवाय कुणी गोड बोलून मला हाकलावं, हे मुख्याध्यापकांनाही जमलं नव्हतं. त्यांना निदान पत्र काढावं लागलं.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

दिवसभर एकच शब्द. नो.

आधी होईचना. 'न' म्हणेपर्यंत मावशींची मान आपोआप होकारार्थी हलायची. मी त्यांच्याकडे शंभर गोष्टी मागितल्या: इस्त्री देता? टेबल देता? काका देता? काकांच्या वेळी त्या जरा थांबल्या, म्हणाल्या, विचार करते. काका म्हणाले, आता हसू असतं तर वापरलं असतं.

मग मीच म्हटलं, पाढा म्हणा. लहानपणी पाढे म्हटलेत ना? मावशींनी डोळे मिटले आणि सुरू केलं. नो एके नो. नो दुणे नो. नो त्रिक नो. दहाव्या घरापर्यंत त्यांचा आवाज दुकानाबाहेर जायला लागला. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. अठ्ठावन्न वर्षांचं साठलेलं होतं, ते सगळं एका दुपारी बाहेर पडलं.

शनिवार, २४ ऑक्टोबर

तीन. आम्ही तिघंही दुकानात. काकांची खुर्ची मी आत ओढून आणली.

झडप वर. शर्ट. मे आय हॅव द टीचर, प्लीज?

नो सर, मावशी म्हणाल्या. टेबल धरून, पण म्हणाल्या.

मग झडप अशी आदळली की इस्त्री टेबलावरून पडली. काकांनी टाळ्या वाजवल्या. मी मावशींना म्हटलं, फार छान, फक्त ते 'सर' काढून टाका.

रविवार, २५ ऑक्टोबर

आता तीनची वाट बघत नाही तो. सकाळी सातला, नऊला, दहाला. तुझे डोळे. नो. त्याचा श्वास. नो. हे घर. नो. मावशी इस्त्री न थांबवता उत्तर देतात. फ्रॉक त्यांनी आता समोर लावलाय, झडपेच्या बरोबर समोर. बघू दे त्याला, म्हणाल्या.

शर्ट येतच आहेत. ढीग झालाय. दुकान गार पडलंय, श्वासाची वाफ दिसते.

सोमवार, २६ ऑक्टोबर

आज मावशींनी उलट विचारलं. स्वतः वाक्य जुळवलं, माझी मदत न घेता. व्हेअर इज माय गर्ल?

झडप वीतभर उघडी तशीच राहिली.

मग आतून, खूप लांबून, काहीतरी — मूल झोपेत बोलतं तसं. तिघांनी ऐकलं. काकांनी कान लावला भिंतीला. दोन तास तसेच.

मावशींचा 'नो' आता इतका तयार झालाय की त्याचं वाक्य संपायच्या आत येतो. ऐकूनही घेत नाहीत. मी म्हटलं, आधी ऐका तरी. म्हणाल्या, ऐकूनच तर एवढं गेलं.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

टेबलाशी बसून लिहितेय, घडेल तसं. तीनला पाच कमी.

तीन. झडप — आज पूर्ण वर. आत अंधार, आणि शर्ट, रचलेले, टोकापर्यंत.

आवाज. आज फार प्रेमळ. डू यू माइंड इफ आय हॅव द टीच —

नो! मावशी ओरडल्या. छाती काढून. माझ्याकडे वळून हसतायत.

डू यू माइंड. हरकत आहे का, असं विचारलंय त्यानं. हरकत आहे का — नाही —

हे मी शिकवलंच नव्हतं. मावशींचा दोष नाही. शिकवणारी मी. कुणी वाचलंत तर मावशींना हे सांगा, दोष त्यांचा —

थँक्यू, तो म्हणाला.

पायाखालची फरशी कळत नाही. गुडघ्यापर्यंत काही नाही. खुर्ची आपोआप सरकतेय भिंतीकडे.

बरं. पण मला कुणी विचारलेलं नाही. माझी हरकत आहे. मोठ्यानं म्हटलं, मराठीत. त्याला कळलं — सरकणं थांबलं, क्षणभर — परत सुरू.

जायचंच तर रिकाम्या हातानं नाही. डावा हात घातलाय आत, शर्टांमधून, खांद्यापर्यंत. उजव्यानं लिहितेय. वही मावशींनी झडपेच्या फळीवर धरलीय. गार. घड्या, घड्या, घड्या. मागे —

बोटं. लहान. त्यांनी माझा अंगठा धरला.

मावशींना ओरडून सांगितलं. त्यांनी वही सोडून दुसऱ्या हातानं माझी कंबर — नाही, वही धरलीच आहे, एका हातानं. खांदे पैलवानाचे. काका खुर्चीतून खाली पडून, सरपटत — मावशींना धरलंय त्यांनी.

तो बोलतोय. प्लीज, म्हणतोय. पुन्हा प्लीज. घाईत. मावशी विचारतायत काय म्हणतोय बाई, काय उत्तर देऊ, हो का नाही —

उत्तरच द्यायचं नाही. ओढा.

तिचं मनगट आलं. ओढा. आई, ती म्हणाली आतून — मावशींनी ऐकलं, मावशींचा चेहरा —

कोपर. ओढा मावशी, आता खांदा, आता